वळलेलं शीड

कोकणच्या किनाऱ्यावरील एका गावी भिवाजी नावाचा एक वृद्ध तांडेल राहत असे. आयुष्यभर त्याने मचवे हाकले होते. उतारवयात तो तरुणांना शर्यतीच्या होड्या चालवायला शिकवी. या होड्या निराळ्या. दोन अरुंद होड्या आडव्या दांड्यांनी जोडलेल्या, मध्ये ताणलेली जाळी, वर एक उंच शीड. शहरातून आलेले लोक त्यांना कॅटमरान म्हणत, गावात त्यांना जोडहोडी म्हणत. दरवर्षी माघात एका भूशिरापासून दुसऱ्या भूशिरापर्यंत त्यांची शर्यत होई. डाव्या हाताला तांबडे कडे, सुरूची बनं, पांढरी पुळण. पाहणाऱ्याचे डोळे निवावेत असा तो मार्ग होता.

तात्यांचा, म्हणजे या तांडेलाचा, सर्वांत निष्णात शिष्य उल्हास. त्याचा जोडीदार दिगंबर हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. एका वर्षी दोघे सर्वांच्या पुढे होते. उकडतं म्हणून दोघांनीही अंगावरची तरंगती जाकिटं काढून ठेवली होती. कड्याच्या वळणावर वाऱ्याचा जोराचा झोत आला, होडी एका अंगावर उचलली गेली आणि दिगंबर पाण्यात पडला. पडताना तो हसत होता. उल्हासने मागे पाहिले. मागून पहाऱ्याची लाँच येत होती. ती दिगंबरला उचलेल असे त्याला वाटले. शर्यतीतली दुसरी होडीही बरोबरीला आली होती, वळले तर ती पुढे जाणार होती. उल्हास वळला नाही.

लाँच वाटेत उलटलेल्या एका होडीपाशी थांबली होती. दिगंबरचे शव तिसऱ्या दिवशी खाडीच्या मुखाशी सापडले.

पंचांनी, पोलिसांनी, गावाने उल्हासला दोष दिला नाही. वळून काही उपयोग झाला नसता, असे जाणत्यांनीही सांगितले. तरी त्याने समुद्र सोडला. दिगंबरच्या घरावरून जाणारी वाट सोडली. वर्षभर तो तात्यांना एकच प्रश्न विचारत राहिला, "तात्या, मी वळलो असतो तर तो वाचला असता का?" तात्या जाळे विणत बसत.

पुढच्या माघात तात्या स्वतः त्याच्या दारात आले. म्हणाले, "चल. जोडहोडी काढ."

"मी त्या होडीत पाय ठेवणार नाही."

"मी म्हातारा एकटा जाऊ का मग?"

उल्हास निमूटपणे निघाला. तात्यांनी सोबत न सोललेले तीन नारळ घेतले होते. पूजेसाठी असतील, असे त्याला वाटले. कड्याच्या वळणावर वारा भरात असताना तात्यांनी एक नारळ मागच्या पाण्यात भिरकावला आणि ओरडले, "माणूस पडला!"

उल्हासने सुकाणू दाबले. जोडहोडी सरळ पळते तेव्हा वाऱ्यासारखी पळते, वळते तेव्हा मात्र जड होते. शीड फडफडले, होडी वाऱ्यात अडकली, मग सावकाश फिरली. दोघांनी खूप शोधले. लाटांत नारळ दिसला नाही.

तात्यांनी दुसरा नारळ टाकला. तोही सापडला नाही.

उल्हासच्या छातीवरचे ओझे किंचित हलल्यासारखे झाले. तो म्हणाला, "म्हणजे मी वळलो असतो तरी..."

"तरी मिळाला नसता बहुतेक," तात्या म्हणाले आणि त्यांनी तिसरा नारळ टाकला. "आता वळू नकोस. सरळ चल. फक्त मागे बघत राहा."

उल्हास मागे बघत राहिला. नारळ लाटेवर चढला, उतरला, पुन्हा चढला. लहान होत गेला. मग एका लाटेआड गेला आणि वर आला नाही. उल्हासच्या तोंडून हुंदका फुटला. तात्यांनी नको म्हटले असतानाही त्याने सुकाणू फिरवले.

होडी वाऱ्यात डुलत थांबली. तात्या म्हणाले,

"तुझ्याएवढा होतो तेव्हा मी मचव्यावरून पडलो होतो. आमचा मचवा माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मला दुसऱ्याच कुणीतरी काढलं, बऱ्याच वेळाने. तोवर मी हातपाय मारत राहिलो. का? तर लाटेवर चढलो तेव्हा आमचं शीड वळताना दिसलं होतं. माझ्यासाठी कुणीतरी फिरलंय एवढं कळलं होतं. तू वर्षभर विचारतोस, तो वाचला असता का. ते मला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. पण पाण्यातल्या माणसाला आपलं शीड वळताना दिसलं पाहिजे. माणूस हाती लागो न लागो, तेवढं आपल्या हातात असतं. ते तुझ्याकडून राहिलं, उल्हास. लोकांनी ते झाकलं, तुझ्यावरच्या मायेने. मी झाकणार नाही."

उल्हासने मान खाली घातली. त्याला रडू आले नाही. कुणीतरी खरे बोलले होते, आणि त्या खऱ्याला तो आता धरून राहू शकत होता.

परत आल्यावर तो घरी गेला नाही. ओल्या कपड्यांनीच दिगंबरच्या अंगणात जाऊन उभा राहिला. दिगंबरची बायको शेवंती मांडवावर बांगडे वाळत घालत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "त्या दिवशी दिगू पडलेला मी पाहिला होता. मला वळता आलं असतं. मी वळलो नाही."

शेवंतीचे हात थांबले नाहीत. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "मी कड्यावर उभी होते."

क्षमा मागावी तर ती देण्याचे बळ तिच्यापाशी उरले असेल, असे उल्हासला वाटत नव्हते. तिने उरलेले बांगडे मांडले, हात धुतले आणि ओटीवरची रिकामी टोपली बाजूला सरकवली.

"बसा, भावजी," ती म्हणाली. "त्याचं शेवटचं सांगायला वर्षभरात कुणी आलं नाही. पडताना तो काय करत होता, तेवढं सांगा."

उल्हास ओटीच्या कडेला बसला. "हसत होता," तो म्हणाला.