वाफसा पुढे ढकलला

सात टेकड्यांपलीकडे शिंगणमाळ नावाचं राज्य होतं. राजा होता रानडुक्कर दंताजीराव, प्रजेने मतं देऊन निवडलेला. प्रजा ज्वारी खाऊन जगायची, आणि पेरायचं कधी, हे भागू घूस सांगायची. ती मूठभर माती दाबून पाही. लाडू वळला आणि पंजाला चिकटला नाही, की ओरडे, "वाफसा आला गं बायांनो!" मग सगळं रान पेरायला लागे.

यंदा हस्ताचा पाऊस उघडला, तशी भागू दरबारात धावली. "महाराज, चार दिवसांत पेरा. नाहीतर काळं रान भेगाळेल."

तरस प्रधान हसला. तो नेहमीच हसायचा. "शुभारंभ महाराजांच्या हस्ते होईल. महाराजांना वीस दिवसांनी सवड आहे."

"अहो, वाफसा थांबतो का कुणासाठी?"

"थांबेल. आदेश काढू."

आणि खरंच आदेश निघाला: 'वाफसा वीस दिवस पुढे ढकलण्यात येत आहे. तोवर मातीने ओल सोडू नये.' माकडांनी तो ढेकळाढेकळाला वाचून दाखवला.

 भागूच्या घरी अकरा पिल्लं होती. तिने गुपचूप बिळापुढची पट्टी पेरून टाकली.

विसाव्या दिवशी दंताजीराव ढोलताशांत आले. रानाला हातहात भेगा पडल्या होत्या. राजा गरजला, "बंधूंनो! आधीच्या राजांनी तुम्हाला नांगरायला लावलं. आम्ही आयत्या भेगा दिल्या!"

टाळ्या पडल्या. बियाणं भेगांत पडलं ते पडलंच. एक कोंबसुद्धा वर आला नाही. भागूची पट्टी मात्र गुडघाभर वाढली.

ती नजरेत येताच शिपाई आले. गुन्हा: विनापरवाना उगवणे. पट्टीला दोर बांधला आणि पाटी लागली, 'महाराजांच्या हस्ते झालेली पेरणी'. पीक बघायला रांग लागली. भागूही रांगेत उभी राहिली.

पुढचा ससा भक्तिभावाने म्हणाला, "बघा मावशी! महाराज नसते, तर आपल्याला मातीतलं काय कळलं असतं?"

भागूने तोंड उघडलं. दोराशी उभा असलेला तरस तिच्याकडे बघून हसत होता. तिला अकरा पिल्लं आठवली. "हो रे बाबा," ती म्हणाली.

पेरणीची वेळ दंताजीरावांना साधली नाही, हे खरं. पण त्यांना वेळेचं भान नव्हतं असं कुणी म्हणू नये. कोठारं रिकामी व्हायच्या बरोबर आठ दिवस आधी त्यांनी निवडणूक घेतली.