सात माणसं आणि एक जाणकार

“लिनक्सवरच्या ऑफिस सॉफ्टवेअरचा कुणी जाणकार आहे का इथे?”

निवृत्त प्राध्यापक ओगले मठाच्या अंगणात उभ्या उभ्याच विचारत होते. अंगणात सात माणसं कामात होती. कुणी मान वर केली नाही.

ओसरीवर शेंगा सोलत बसलेले त्र्यंबकबुवा म्हणाले, “बसा. घाई दिसते.”

“शेतीच्या अवजारांचा कोश. चौदा वर्षांचं काम. आज दुपारी बाराच्या आत फाईल छापखान्यात गेली नाही, तर छपाई पुढल्या वर्षी… आणि लिनक्स म्हणजे, बुवा, चारचौघं वापरतात ती संगणकप्रणाली नव्हे. तालुक्यात मी एकटाच.”

हिमालयात एकटं राहिलेला माणूसही हे इतक्या अभिमानाने सांगत नसेल.

“मदत मागितली कुठे?”

“इंटरनेटवर लिनक्सवाल्यांचा मंच आहे. नऊ दिवसांपूर्वी विचारलं, ‘कुणी जाणकार आहे का?’ एकाचंही उत्तर नाही. माझ्या पातळीचा माणूस मिळणं तसं…”

बुवांनी सूप बाजूला ठेवलं आणि अंगणाकडे तोंड करून विचारलं, “पाकशास्त्राचा कुणी जाणकार आहे का?”

तीस वर्षं मठाचा स्वयंपाक करणाऱ्या गोदाक्कासुद्धा खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या.

…

“दूध उतू जातंय!” बुवा एकदम ओरडले.

सातही जण स्वयंपाकघराकडे धावले. गोदाक्का सर्वांत पुढे.

त्या परत आल्या त्या कमरेवर हात ठेवूनच. “बुवा, चूल तरी पेटलीय का अजून?”

बुवा पुन्हा शेंगा सोलू लागले.

 ओगले पायरीवर बसले.

“अनुक्रमणिकेत… प्रत्येक प्रकरणापुढे पान एक येतंय. का, ते मला कळत नाही.”

“दर प्रकरणाला आकडे नव्याने सुरू करा, असं सांगून ठेवलं असेल तुम्ही,” गोदाक्का म्हणाल्या. “ते काढा, आणि अनुक्रमणिका ताजी करा. मठाची स्मरणिका संगणकावर करताना माझंही तेच झालं होतं.”

ओगल्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला. एक, एकोणीस, बेचाळीस… आकडे मुकाट्याने रांगेत आले. अजून अकराच वाजले होते.

“बाई, मी विचारलं तेव्हा तुम्ही इथेच होतात ना? मग बोलला का नाहीत?”

गोदाक्कांनी बुवांकडे पाहिलं.

“त्या कशाला बोलतील?” बुवा म्हणाले. “त्या तर स्वयंपाकीण आहेत.”