पाचव्या गोदामाची घट

कृष्णाकाठच्या एका हळदीच्या पेठेत एक वृद्ध हिशेबतपासनीस राहत असत. सारी पेठ त्यांना आप्पा म्हणे. व्यापाऱ्यांच्या वह्या तपासण्यात त्यांची हयात गेली होती. एके काळी त्यांच्या कार्यालयात मदतनीस ओळीने बसत आणि नोंदींपुढे लाल पेन्सिलीने खुणा करीत. साऱ्या नोंदी पाहणे माणसाच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून शेकड्यातल्या चारदोन उचलायच्या आणि शितावरून भाताची परीक्षा करायची, ही त्या विद्येची मान्य रीत होती. पुढे संगणक आला आणि त्याच्या मागोमाग असे सॉफ्टवेअर आले की ते वर्षावर्षाच्या एकूण एक नोंदी चहा निवायच्या आत वाचून काढी आणि जी नोंद इतरांसारखी नाही तिच्यावर बोट ठेवी. आप्पांनी ते सत्तरी उलटल्यावर विकत घेतले. त्यांचे जुने स्नेही हसले. "आप्पा, आता त्या लाल पेन्सिलीचं काय करणार?" एकाने विचारले. "नातवाला दिली," आप्पा म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

हे सॉफ्टवेअर चालवायला त्यांनी केतकी नावाची शिष्या घेतली. मुलगी तल्लख होती आणि कामाला तर वाघ होती. खोट काढायचीच तर एवढीच, की तिला उत्तर फार लवकर सापडे आणि सापडले की ती तिथेच थांबे. परीक्षेत या सवयीने तिला गुण मिळवून दिले होते, त्यामुळे ती खोट आहे असे तिला कोणी सांगितले नव्हते.

पेठेतल्या एका मोठ्या हळदव्यापारी शेठजींच्या पेढीचे काम आप्पांकडे होते. शेठजींची पाच गोदामे होती आणि प्रत्येकावर एक कारकून. हळद साठवली की तिचे वजन एकसारखे राहत नाही. ती सुकते तशी हलकी होते. या उणे वजनाला पेठेत घट म्हणतात. दर महिन्याला प्रत्येक कारकून आपल्या गोदामातली घट पेढीला कळवी. महिन्याला क्विंटलमागे पाव किलो घट पेढीला मान्य होती. त्याहून जास्त झाली तर ती कारकुनाच्या पगारातून कापत. पेढीची आणखी एक रीत होती. गोदाम कधी पुरते रिकामे करायचे नाही, तळाशी पोत्यांचा एक थर राहू द्यायचा, म्हणजे लक्ष्मी घरात राहते, असे शेठजींच्या आजोबांनी सांगून ठेवले होते. विक्रीच्या वेळी वजनात जे कमीजास्त निघे ते मागे राहिलेल्या पोत्यांवर ढकलले जाई, आणि ती पोती तशीच पडून राहत.

केतकीने पाचही गोदामांच्या साऱ्या नोंदी सॉफ्टवेअरला दिल्या. त्याने पाच आलेख काढले. चार गोदामांच्या रेषा एकमेकींवर अशा बसल्या की चार आहेत हेही ओळखू येईना. पाचवी मात्र उन्हाळ्यात खाली कोसळे आणि पावसाळ्यात वर चढे. त्या गोदामाच्या कारकुनाने उन्हाळ्यात घट मान्य मर्यादेच्या दुप्पट दाखवली होती आणि श्रावणात तर चक्क वजन वाढल्याचे लिहिले होते. सॉफ्टवेअरने त्याच्या जवळजवळ साऱ्या नोंदी तांबड्या केल्या.

त्या कारकुनाचे नाव शिवगोंडा. केतकीने त्याला पत्र पाठवून खुलासा मागवला. उत्तर एका ओळीचे आले, 'वजन केले तेवढे लिहिले.' केतकीला ते उडवाउडवीचे वाटले. तिने अहवालात लिहिले, की पाचव्या गोदामातून माल बाहेर जात असावा आणि कारकून तो घटीच्या नावाखाली झाकत असावा.

शेठजी अहवाल वाचायला स्वतः कार्यालयात आले. श्रावणातल्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे आमची हळद पावसाळ्यात विते म्हणायची." मग अहवाल मिटून ते शांतपणे म्हणाले, "सोमवारी याच्याकडून किल्ली काढून घेतो. चौघं गुण्यागोविंदानं काम करतात, यालाच काय झालंय?"

किल्ली काढून घेणे ही साधी गोष्ट नव्हती. पेठ लहान. चोरीचा बोभाटा होऊन ज्याची किल्ली गेली त्याला दुसरा कोणी व्यापारी दारात उभा करत नसे. शिवगोंडाची पन्नाशी उलटली होती आणि गोदाम सांभाळण्यावाचून दुसरे काम त्याने कधी केले नव्हते. हे केतकीलाही ठाऊक होते. तिला वाईट वाटले, पण आकड्यांपुढे वाईट वाटून काय उपयोग, अशी तिने मनाची समजूत घातली.

आप्पांनी अहवाल सावकाश वाचला. आलेखाचे पान त्यांनी खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिले. "काम उत्तम झालंय," ते केतकीला म्हणाले. मग शेठजींकडे वळून त्यांनी विचारले, "उद्या गोदामातली सगळी पोती उतरवून वजन करायला हमाल मिळतील का?"

"मिळतील की. पाचव्या गोदामावर सकाळी पाठवतो."

"पाचव्या नको. पहिल्या."

शेठजी चमकले. पहिल्या गोदामाचे कारकून वसंतराव. त्यांच्या नोंदीत यंत्राला एकही डाग सापडला नव्हता. "आप्पा, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," ते म्हणाले. "आणि तळापर्यंत उतरवायचं म्हणजे हमाली किती होईल?"

"माझ्या फीतून कापा," आप्पा म्हणाले. केतकी मनातून दुखावली. आपल्या कामाला उत्तम म्हणायचे आणि पाठ फिरवून नेमके उलटे करायचे, ही कोणती रीत, असे तिला वाटले. वय झाले की माणूस यंत्रावर विश्वास ठेवू शकत नाही, असाही एक विचार तिच्या मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गोदामात हमालांनी थप्पी उतरवायला घेतली. वरची पोती चांगली होती. मधलीही बरी होती. तळाचा थर आला तेव्हा हमालांनी हात आखडले. गोणपाट जमिनीला चिकटले होते. एक पोते ओढताच फाटले आणि आतून हळकुंडांऐवजी किडीने पोखरलेला भुसा सांडला. शेजारच्या पोत्यांना बुरशी चढली होती. सगळ्या मालाचे वजन केले तेव्हा ते वहीतल्या वजनाहून इतके कमी भरले की शेठजींनी काटा पुन्हा तपासायला लावला. काटा बरोबर होता.

वसंतराव भिंतीला टेकून उभे होते. शेठजींनी विचारायच्या आधीच ते बोलले. "शेठ, मी एक हळकुंड घरी नेलं नाही. पण थप्पी हलवायची तर हमाली लागते आणि पेढी हमाली मंजूर करत नाही. पाव किलो लिहिलं की कोणी काही विचारत नाही. माझ्या आधी इथं जे होते तेही पाव किलोच लिहायचे. बाकीच्या तिघांनाही विचारा."

शेठजींचा चेहरा उतरला. ते दारापर्यंत गेले आणि रस्त्याकडे पाहत उभे राहिले. केतकीची अवस्था त्याहून वाईट होती. सोमवार दोन दिवसांवर होता. कोणाला तरी उभ्या जन्माचा डाग लावणारे वाक्य तिने लिहिले होते आणि लिहिताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता. तिला स्वतःची भीती वाटली.

आप्पा एका पालथ्या घमेल्यावर बसले होते. ती जवळ जाऊन म्हणाली, "सर, मग सॉफ्टवेअर चुकलं."

"नाही," आप्पा म्हणाले. "ते एवढंच म्हणालं की पाचात एक वेगळा आहे. ते खरंच आहे. चोर हा शब्द तुझा. त्याला जे पुष्कळ वेळा दिसतं ते ते बरोबर धरून चालतं. चौघं न मोजता लिहीत होते, म्हणून न मोजणं हा नियम झाला आणि मोजणारा अपवाद ठरला. हे बघ, यातलं एक गोदाम नदीला लागून आहे, एक पत्र्याचं आहे, एक जुनं दगडी आहे. हवा निराळी, छप्पर निराळं. हळद उन्हात सुकते आणि पावसात ओल धरते. मग ती चार ठिकाणी बाराही महिने तंतोतंत सारखी कशी सुकेल? मला वेगळ्या रेषेनं थांबवलं नाही, सारख्या रेषांनी थांबवलं. आणि त्या रेषा मला तुझ्या यंत्रामुळे दिसल्या. पेन्सिल घेऊन शेकड्यातल्या चार नोंदी पाहिल्या असत्या तर चारही ठीक वाटल्या असत्या."

मग त्यांनीच विचारले, "तू शिवगोंडाला विचारलंस, हा आकडा कुठून आला. चांगलं केलंस. बाकीच्या चौघांना का नाही विचारलंस?"

चौघांना विचारायचे असते हे केतकीच्या मनातही आले नव्हते.

"पूर्वी आमचे दिवस बेरजा जुळवण्यात जायचे," आप्पा म्हणाले. "आकडा वहीत येण्याआधी काट्यावर चढला होता का, हे विचारायला सवड नव्हती, ही सबब तरी होती. आता बेरीज यंत्र करतं. आपल्याकडे एवढंच काम उरलंय, आणि ते पूर्वीच्या कामाहून अवघड आहे."

शेठजींनी बाकीच्या तीन गोदामांतही थप्प्या उतरवायला सांगितल्या. शिवगोंडाची किल्ली राहिली. जास्त घटीला पगार कापायचा नियम त्यांनी रद्द केला, जरा कुरकुरत का होईना, आणि महिन्याच्या वजनासाठी हमाली मंजूर केली. आजोबांच्या लक्ष्मीचे काय करायचे ते मात्र घरात विचारून ठरवतो म्हणाले.

केतकीने अहवाल नव्याने लिहिला. पण तेवढ्याने तिला स्वस्थ वाटेना. संध्याकाळी ती एकटीच पाचव्या गोदामावर गेली. शिवगोंडा दाराशी काटा पुसत होता; हमालीवाचून तो दर महिन्याला पोती स्वतःच उचलून तोलत असे. तिने त्याला सगळे सांगितले. त्याच्याबद्दल आपण काय लिहिले होते, सोमवारी काय होणार होते आणि ते कसे टळले, यातले तिने काही लपवले नाही. "माझी चूक झाली, मामा," ती म्हणाली. "तुम्ही एवढी वर्षं पगार कापून घेतलात, पण खरा आकडा सोडला नाहीत."

शिवगोंडाने फडके घडी करून काट्यावर ठेवले. तो रागावला नव्हता. उलट जरा अवघडल्यासारखा दिसत होता.

"ताई, एवढं थोर न्हाई म्या," तो म्हणाला. "तुमचा कागद आला तवा ठरीवलंच हुतं. सगळ्यांचं बरुबर आन् माझं एकट्याचंच चुकतंय म्हंता, तर कशाला वैर घ्या? फुडल्या म्हैन्यापासनं म्या बी पाव किलोच लिवणार हुतो."

आप्पांनी थप्पी उतरवली नसती आणि शिवगोंडाची किल्ली तशीच राहिली असती, तर पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअरने पाच सारख्या रेषा काढल्या असत्या. मग शेठजींनी समाधानाने मान डोलावली असती, आणि केतकीने खाली 'सर्व नोंदी निर्दोष आहेत' असे लिहून सही केली असती.