आमटीत मीठ बरोबर होतं

एकदा एक वृद्ध लेखक होते. त्यांनी चाळीस पुस्तके लिहिली होती आणि त्यांतल्या एकावरही त्यांचे नाव नव्हते. कुणा वकिलाच्या आठवणी, कुणा पैलवानाचे चरित्र. मुखपृष्ठावर नाव ज्याचे त्याचे. दुसऱ्यांच्या नावाने लिहिणे हाच त्यांचा व्यवसाय होता, आणि त्यात ते इतके खुशीत असत की गावातले नामवंत लेखक त्यांच्याकडे पाहून मनातल्या मनात जळत.

त्यांचा एक तरुण शिष्य होता. त्याची भाषा सुंदर होती, आणि ती सुंदर आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. पुस्तकावर आपले नाव का नसावे, हा प्रश्न तो महिन्यातून दोनदा तरी विचारी.

एके दिवशी पेठेतला गुळाचा व्यापारी गुरुजींकडे आला. त्याची पंचाहत्तरी जवळ आली होती.

"माझी कहाणी लिहून द्या. समारंभात मी स्वतः वाचणार," तो म्हणाला. मग घुटमळत पुढे बोलला, "चौदा वर्षांमागं पुतणीच्या लग्नात, भर पंगतीत, आमटी अळणी म्हणून मी धाकट्या भावावर ओरडलो. नव्या व्याह्यांसमोर. तो पानावरून उठला, तो आजतागायत माझ्या दारात आला नाही. पोरांच्या आग्रहानं समारंभाला येणार आहे म्हणे. समोरासमोर माझं तोंड उघडत नाही, गुरुजी. हे ऐकून तो परत आला पाहिजे. बाकी पुस्तकाचं काय व्हायचं ते होवो."

काम शिष्याकडे आले. दोन दुपारी त्याने व्यापाऱ्याचे बोलणे टिपून घेतले आणि पंधरवड्यात कहाणी लिहून काढली. भांडणाच्या प्रसंगी त्याने लिहिले होते, 'दैवगतीने आम्हा बंधूंच्या स्नेहाकाशात गैरसमजाचे मेघ दाटून आले.' हे वाक्य वाचताना त्याचे त्यालाच भरून येई.

गुरुजींनी ते वाचले. "वा! काय सुंदर!" म्हणाले, आणि लाल पेन्सिलीने ते खोडून टाकले. पुढेही ज्या ज्या वाक्याला त्यांनी वाहवा दिली, ते ते खोडले. शेवटी म्हणाले, "उद्यापासून आठ दिवस दुकानात जाऊन बस. कागद न्यायचा नाही, पेनही नाही."

शिष्याला राग आला, पण तो गेला. पहिले दोन दिवस त्याला दुकानात फक्त मुंगळे दिसले. तिसऱ्या दिवसापासून माणूस ऐकू येऊ लागला. व्यापाऱ्याची वाक्ये चार-चार शब्दांची. एकदा तो एका हमालावर विनाकारण खेकसला, मग ढेपेचा तुकडा फोडून त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "चुकलं माझं. घे, खा." आणि एका दुपारी, गिऱ्हाईक नसताना, तो आपल्याशीच पुटपुटला, "आमटीत मीठ बरोबर होतं."

आठव्या दिवशी शिष्य धावतच गुरुजींच्या घरी आला. तेव्हा गुरुजी म्हणाले, "तुझ्या वाक्यांत तू होतास, शेठजी नव्हते. ती ऐकून धाकटा म्हणाला असता, दादानं लेखक झकास गाठलाय! आणि जेवून घरी गेला असता. बाळा, क्षमा ज्याची त्यानेच मागायची असते. तिचे शब्दही त्याच्याचजवळ असतात, फक्त त्याला ते सापडत नसतात. ते शोधून त्याच्या हाती द्यायचे, एवढाच आपला व्यवसाय. आता लिही."

समारंभाच्या दिवशी सभागृह भरले होते. गुरुजींनी शिष्याला मुद्दाम धाकट्या भावाच्या शेजारच्या खुर्चीवर बसवले. व्यापाऱ्याने चष्मा लावला आणि वाचू लागला. त्या प्रसंगापाशी त्याचा आवाज बारीक झाला.

"आमटीत मीठ बरोबर होतं. मी उगाच ओरडलो. तू उठलास. हाक मारायची होती. मारली नाही. चुकलं माझं."

पुढे त्याला वाचवेना. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढ्यात शिष्याच्या शेजारची खुर्ची कुरकुरली, धाकटा भाऊ ताडकन उभा राहिला आणि तिथूनच ओरडला,

"दादा, मीठ कमीच होतं रे!"

सगळे सभागृह हसू लागले. हसता हसता व्यापारी रडू लागला. धाकटा तरातरा व्यासपीठावर चढला आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. कितीतरी वेळ कुणी कुणाला सोडीना.

डोळे पुसत धाकटा जागेवर परतला. त्याने शिष्याच्या मांडीवर जोरात थाप मारली.

"बघितलंत? हा आमचा दादा! लोक म्हणत होते, कुणाकडून तरी लिहून घेतलंय. मला सांगा, असं कुणाला लिहून देता येईल काय?"

स्वतःचे नाव अगदी शिष्याच्या ओठांवर आले होते. त्याने मागे वळून गुरुजींकडे पाहिले. ते गालातल्या गालात हसत होते.

"छे हो," शिष्य म्हणाला, "ते कसं शक्य आहे!"

एवढी मोठी दाद त्याला आजवर कुणीच दिली नव्हती.