बाभळीचा काटा

“तात्या, पाय धुण्यात शिकायचं ते काय असतं?”

डॉक्टर श्रीरंग देवस्थळीनं घमेल्यातलं पाणी फेकलं ते रागानंच. परीक्षेत पहिला आलेला, मज्जासंस्थेचा अभ्यास केलेला गडी! आणि कुष्ठरोग्यांच्या या वसाहतीत आल्यापासून काम काय, तर रोज लोकांचे तळवे तपासायचे, चपला झटकायच्या. मोठ्या डॉक्टरांची अटच तशी होती. गेनू तात्या ‘तयार झाला’ म्हणेपर्यंत दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही.

तात्या तरुणपणी इथं रोगी म्हणून आले. रोग बरा झाला, पण हातापायांची जाणीव गेली ती गेलीच.

वाकड्या बोटांनी त्यांनी तेलाची वाटी जवळ ओढली. “डाक्टर, नस म्हंजे काय असतं हो?”

श्रीरंगची कळी खुलली. चेतापेशी कशी असते, तिचा एकेक धागा कमरेपासून पार अंगठ्यापर्यंत कसा जातो, त्यातून निरोप कसे धावतात... सांगता सांगता तो राग विसरला.

“धागा उघडाच असतो?”

“छे! भोवती दुसऱ्या पेशी गुंडाळलेल्या असतात. त्या त्याला जपतात, पोसतात.”

“निरोप त्या नेतात?”

“नाही हो. त्या नुसत्या आधाराला.”

“नुसत्या... बरं. मग माझा रोग आधी कुठं शिरला?”

श्रीरंग घमेलं पालथं घालायला लागला. उत्तर त्याला तोंडपाठ होतं. त्या आधाराच्या पेशींतच.

तात्या गालात हसले. ते हसू त्याला भारी झोंबलं.

“मी जातो. साडेबाराची एसटी आहे. पाय धुवायला नाही मी एवढं शिकलो.”

“बरं. चला, फाट्यापर्यंत येतो.”

तो नको नको म्हणत असतानाच तात्यांनी त्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि पुढं निघाले. पोचल्याचं कळवा, वेळेवर जेवत जा, असं काहीबाही बोलत होते. श्रीरंग मान खाली घालून मागून चालला होता.

धुळीत लाल ठिपका दिसला. पुढं आणखी एक... मग प्रत्येक पावलागणिक एक.

“तात्या, थांबा!”

तो एवढ्यानं ओरडला की फाट्यावरची माणसं वळून बघायला लागली. बाभळीचा भलामोठा काटा चपलेतून आरपार टाचेत गेला होता. तात्यांना पत्ताच नव्हता. रोज सकाळी त्यांच्या चपला श्रीरंग झटकून बघायचा. आज रागाच्या भरात त्यानं हातही लावला नव्हता.

रस्त्यातच बसून त्यानं तात्यांचा पाय मांडीवर घेतला. काटा उपसला, रुमाल गच्च बांधला. मागं एसटी आली, हॉर्न वाजवून निघूनही गेली. त्यानं मान वर केली नाही.

“आज मी बघितलंच नाही, तात्या... माझंच चुकलं...” त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

तात्यांनी आपला वाकडा हात हलकेच त्याच्या डोक्यावर ठेवला.

“फार दुखलं का रे, लेकरा?”