वाटाड्याची बडबडी बायको

घाटमाथ्यावरच्या एका वाडीत हैबती नावाचा वाटाड्या राहत होता. व्यापारी असोत की वऱ्हाडी, घाट उतरून खाली जायचे तर लोक हैबतीलाच बोलावीत. अंगाने धिप्पाड, मिशा झुपकेदार आणि चाल अशी ऐटीची, की घाट याच्याच मालकीचा वाटावा.

त्या मुलखात एक रीत होती. नवरा पुढे चालायचा आणि बायको मागे. असे का, हे कोणी विचारत नसे. एखादा बिचारा चुकून बायकोच्या मागे राहिला, तर चावडीवर महिनाभर त्याचीच चेष्टा चाले.

हैबतीचे एक गुपित होते. त्याला रातांधळेपण होते. दिवस मावळला की समोरचा बैलही दिसत नसे. हे ठाऊक होते फक्त त्याच्या बायकोला, ठकूला. म्हणून वाटेत अंधार पडण्यासारखा असला, की तो ठकूला बरोबर घेई. लोकांना सांगे, "भाकरीचं गाठोडं घ्यायला कुणीतरी लागतंच."

ठकू रीतीप्रमाणे मागे चाले आणि सारखी बोलत राही. "अवं, डावीकडच्या करवंदी लई माजल्यात," असे ती म्हणाली की हैबती उजवीकडे सरके. "मागल्या साली हितंच माझा पाय घसरला हुता," म्हणाली की तो पाऊल जपून टाकी. दोघांचे असे छान जमले होते. ऐकणाऱ्यांना मात्र वाटे, काय ही बडबडी बाई, आणि किती सोसतो बिचारा हैबती! गावाने तिचे नावच टकळी ठेवले.

वाईट याचे, की हैबतीही त्यांना सामील होई. "काय करू गड्यांनो, हिच्या तोंडाला बसंल असं कुलूप काय मिळंना," तो मिशीला पीळ देत म्हणे. सगळे हसत. ठकूही हसे. पण त्या दिवशी घरी आल्यावर ती फारसे बोलत नसे, आणि का बोलत नाही हे हैबतीला कळत असे. कळूनही तो गप्प बसे.

एकदा गावच्या कोंडिबा पाटलांच्या मुलाचे लग्न ठरले. नवरी घाटाखालची. वऱ्हाड सकाळीच निघायचे होते. पण एका आत्याचा रुसवा आणि घरी विसरलेले मुंडावळ्यांचे ताट, यांत ऊन कलले. निघताना पाटील म्हणाले, "हैबती, तुझ्या बायकोला बायकांत मागं चालू दे. तिची टकळी ऐकत घाट उतरायचा म्हंजे डोकं उठतं."

हैबतीने ठकूकडे पाहिले. तिने हळूच मान हलवली, नको म्हणून. पण सगळे गाव बघत होते.

"जा गं मागं," तो ऐटीत म्हणाला. "आज जरा तोंडाला इसावा दे."

ठकू मुकाट्याने मागे गेली.

अर्धा घाट उजेडात झकास उतरला. मग सूर्य बुडाला. बाकीच्यांना चांदण्यात पायाखालचे दिसत होते, पण हैबतीच्या डोळ्यांपुढे जणू कोणी घोंगडी टाकली. त्या वाटेला पुढे फाटे होते. प्रत्येक फाट्यावर एक वाट गावाकडे जाई आणि दुसरी थेट कड्याकडे. आपण आता कोणत्या फाट्यावर आहोत, तेच त्याला कळेना. ठकू तर वऱ्हाडाच्या पार शेवटी होती. हैबती मटकन खाली बसला.

"पायात काटा गेला," तो म्हणाला.

"मग बस निवांत," पाटील म्हणाले. "आमी हुतो म्होरं. तू निस्तं सांग, डावीकडं का उजवीकडं?"

एक शब्द चुकला तर घोड्यावरचा नवरदेव घोड्यासकट दरीत जाणार. खरे बोलावे तर इतक्या वर्षांची ऐट आजच्या आज मातीत मिळणार. मागून पोरासोरांचे हसणे ऐकू येत होते. ते ऐकून त्याला स्वतःची लाज वाटली. तो उठला.

"पाटील, काटाबिटा काय न्हाई. दिवस मावळला की मला दिसतच न्हाई. तुमी जिला टकळी म्हणता, तिच्या बोलण्यावर मी आजवर घाट उतरलो. तिला म्होरं बोलवा."

सनईवाल्याने सनई खाली घेतली. ठकू पुढे आली.

"चुकलं माझं," हैबती सगळ्यांदेखत म्हणाला. "तू माझा मान राखलास आन् मी तुझं हसं केलं."

"त्ये घरी बघू," ठकू म्हणाली. "आता माझा पदर धरा. आन् पाटील, डावीकडं कुणी पाऊल टाकू नगा, तिकडं कडा हाय."

तिचा चेहरा त्याला दिसला नाही, पण आवाजात हसू होते. हैबतीचा जीव भांड्यात पडला. मग ठकू पुढे आणि अख्खे वऱ्हाड तिच्या मागे, असा घाट उतरला. ती वाटभर बोलत होती आणि आज कोणाचेच डोके उठले नाही. उलट पाटीलच मागच्यांना दटावत होते, "गप रं, काय म्हणतीया ती ऐकू द्या."

पायथ्याशी नवरीकडची मंडळी मशाली घेऊन उभी होती. पुढे एक बाई आणि तिचा पदर धरून चाललेला एवढा मोठा मिशाळ गडी पाहून त्यांच्यात खसखस पिकली. व्याह्यांनी हसू आवरत विचारले, "आवं, तुमचा वाटाड्या कुठं ऱ्हायला?"

हैबती ताठ उभा राहिला. पदर त्याने सोडला नाही.

"ही काय म्होरं उभी हाय," तो म्हणाला. "मी हिचा नवरा."

तात्पर्य: संसारात पुढे कोणी चालायचे ते कोणाला वाट दिसते त्यावरून ठरवावे, आणि जिच्या आधाराने आपण चालतो, तिची चेष्टा करून आपला मान वाढवू नये.