नळीच्या तोंडाचं फडकं

खाडीकाठच्या एका गावात एक केस कापणारा होता. त्याचं नाव धाकू. हात हलका, पण जीव मोठा घायकुता. गिऱ्हाइकाचा एक गाल करून दुसऱ्या गालावर येईपर्यंत दोनदा काम सोडून जायचा.

त्याच्या दुकानात आरशाखाली काचेची पेटी होती. तिच्यात गोडं पाणी, हिरवा पाला, चार मासे, एक गोगलगाय आणि बोटाच्या पेराएवढ्या तांबड्या कोळंब्या. कोळंब्या आणि गोगलगाय त्याच्या लेकीनं, मंजुळानं, हौसेनं पाळलेल्या. सासरी जाताना ती म्हणाली होती, "बाबा, गणपतीला येईन, तेव्हा मला पिल्लं दाखवा हं."

धाकूचा जीव मात्र पेटीचं पाणी गाळणाऱ्या फिल्टरवर. तो कोपऱ्यात दिवसभर घरघरायचा. एका नळीनं पाणी ओढायचा, गाळून परत सोडायचा. "पाणी बघा! पेटीत आहे की नाही, कळतं का?" असं धाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, आणि फिल्टरचा जोर आणखी वाढवायचा.

एका कोळंबीनं पोटाखाली अंडी धरली. ती फुटली. तिळाएवढी पिल्लं पाल्यावर दिसली. दोन दिवसांत एकही उरलं नाही.

"माशांनीच खाल्ली," म्हणत धाकूनं मासे समोरच्या चहावाल्याला देऊन टाकले. पुन्हा अंडी, पुन्हा पिल्लं, पुन्हा पिल्लं नाहीशी. आता संशयाला राहिली गोगलगाय. तिला उचलून त्यानं खाडीत भिरकावली.

तिसऱ्यांदा पिल्लं आली तेव्हा गणपती पंधरा दिवसांवर आलेले. धाकूला चैन पडेना. खुर्चीत भिकाजी मास्तर फेस लावून बसलेले, आणि हा पेटीपाशी वाकलेला.

"धाकूदादा, माझी अर्धी दाढी तशीच आहे. का कालवण करायचंय कोळंबीचं?"

"काल वीस होती मास्तर. आज सातच."

"मग आईच खात असेल."

मास्तर थट्टेनं बोलले, पण धाकूला ते पटलं. त्यानं पेला घेतला आणि आईला पकडायला पाण्यात घातला. ती बिचारी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावू लागली.

तेवढ्यात त्याची बायको शेवंती जेवणाचा डबा घेऊन आली. "अहो, हिला कुठं काढता?"

"स्वतःची पोरं खाते ती!"

"तुम्ही पाहिलंत?"

धाकूनं पेला बाहेर काढला. शेवंती पेटीपाशी वाकली. त्यांच्या देखत एक पिल्लू पानावरून सुटलं, तिरपं तिरपं वाहत गेलं आणि नळीच्या तोंडात दिसेनासं झालं.

धाकू पुटपुटला, "पण तो तर घाण ओढतो."

"घाण कुठली नि पिल्लू कुठलं, हे त्याला कुणी शिकवलं?"

धाकूनं फिल्टर बंद करून उघडला. आतल्या स्पंजला पिल्लं चिकटलेली. बहुतेक मेलेली, पाच-सहा अजून वळवळत होती. त्यानं ती चमच्यानं पाण्यात सोडली.

शेवंतीनं जुन्या पातळाचा तुकडा फाडला. "घरी नळाला फडकं बांधतो, कचरा आत येऊ नये म्हणून. इथं पिल्लं आत जाऊ नयेत म्हणून बांधा."

फडकं बांधलं, पण ते रोज बुळबुळीत व्हायचं. रोज सोडून, साबणाशिवाय खळबळून पुन्हा बांधावं लागे. दुकान उघडलं की धाकू आधी तेवढं काम करी. ते काम मात्र तो एकदाही मध्येच सोडत नसे.

गणपतीला मंजुळा आली. पेटीत पानापानावर तांबडे ठिपके हलत होते.

मास्तर म्हणाले, "पाणी जरा मळकट दिसतंय, धाकूदादा."

"असू दे मास्तर. घर भरलं की थोडं मळायचंच."

मंजुळा हरखून बघत होती. मग तिनं विचारलं, "बाबा, माझी गोगलगाय कुठाय?"

सकाळीच धुतलेलं फडकं धाकूनं पुन्हा सोडलं आणि खाली मान घालून धुवायला बसला.

तात्पर्य: दुसऱ्यावर आळ घेण्याआधी आपल्या लाडक्या वस्तूत हात घालून बघावा. ओढून घेणाऱ्याला लहान जीव दिसत नाहीत, ज्यानं त्याला कामाला लावलं, त्यानं ते बघायचे असतात.